तेल येतं कुठून

"काय झालं ते सांगा. कायनं झालं ते नका सांगू."

यवतमाळहून नेरकडे निघालं की गाव संपता संपता एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची भिंत लागते. त्या भिंतीला लागून हे वाक्य म्हणणाऱ्या मिस्त्रींचं पत्र्याचं शेड होतं. तिथे गाडी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा हे वाक्य ऐकावं लागायचं. माणसं गाडीतून उतरता उतरताच सांगायला लागायची, पॅकिंग गेलंय, सील फाटलंय, आधीच्या मिस्त्रीनं चेंबर नीट बसवलं नाही. ते नुसता हात वर करायचे. गाडीखाली तेल दिसतं, एवढंच तुम्हाला माहीत आहे. बाकीचं तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं असायचं.

आता ते पुसदला मुलीकडे असतात. शेडच्या जागी टाइल्सचं दुकान आलं. मी अजून त्याच रस्त्यानं नेरच्या कॉलेजात शिकवायला जाते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय.

मिस्त्री म्हटल्यावर जो माणूस डोळ्यांसमोर येतो, तसे ते नव्हते. उंच, वाळके, आणि अंगात कायम पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. गाडीच्या खाली शिरणारा माणूस पांढरा शर्ट का घालतो, असं मी एकदा विचारलं होतं. पांढऱ्यावर तेल लगेच दिसतं, म्हणाले. कुठे हात लागला, कुठे खांदा घासला, ते बाहेर आल्यावर शर्टावरून कळतं. त्यांच्या खिशात एक लांब दांड्याचा, रुपयाएवढा आरसा असायचा, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा. त्यांनी तो खरोखरच एका दाताच्या डॉक्टरकडून मागून आणला होता.

शेडमध्ये ऑइलच्या वासाबरोबर अंगाला लावायच्या पावडरचा वास यायचा. नव्या माणसाला हे विचित्र वाटायचं. त्यांची पद्धतच तशी होती. गाडी शेडमधल्या खड्ड्यावर घ्यायची, इंजिन खालून वरून डिझेल आणि ब्रशनं घासायचं, साबणाच्या पाण्यानं धुवायचं, हवा मारून वाळवायचं. मग सगळीकडे पावडर भुरभुरवायची. मग गाडी स्वतः वीस किलोमीटर चालवून आणायची, आणि पुन्हा खाली शिरून आरसा नि टॉर्च घेऊन बघायचं. पांढऱ्या पावडरीत तेलाची रेघ कुठून सुरू झाली, ते शोधायचं.

"खालचं तेल खोटं बोलते," ते म्हणायचे. "वजन त्याले खाली नेते, वारा मागं नेते. सगळ्यात वरची ओली जागा पाहा. तेल तठून येते."

या सगळ्याला दोन दिवस लागायचे, कधी चार. लोकांना तेवढा धीर नव्हता. बाकीच्या गॅरेजमध्ये चिकट मलम फासून संध्याकाळी गाडी हातात मिळायची. ते मलमाला हात लावायचे नाहीत. बोल्ट आवळतानाही मनगटाचाच जोर लावायचे, पान्याला नळी अडकवून लोंबकळणाऱ्यांचा त्यांना राग यायचा. पॅकिंग दाबून दाबून मरतं आणि मग गळती लागते. अर्ध्या गळत्या दुरुस्त करणाऱ्यांनीच लावलेल्या असतात, हे ते स्वतः मिस्त्री असून सांगायचे.

शिवाय बरीच गिऱ्हाइकं ते काहीच न करता परत पाठवायचे. त्यांच्या हिशेबी ओल वेगळी, थेंब वेगळा आणि धार वेगळी. जुन्या इंजिनाला थोडी ओल सुटायचीच, तिला भ्यायचं नाही. थेंब पडत असेल तर रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवून सकाळी तो आणून दाखवायचा. धार असेल तर गाडी जागची हलवायची नाही. भिंतीवर खिळ्याला असे पुठ्ठे टांगलेले असायचे, प्रत्येकावर गाडीचा नंबर आणि डागाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ. एका बांधकामवाल्यानं मोठी नवी गाडी आणली होती, तिच्याखाली शिरून बाहेर आले आणि म्हणाले, ओल आहे, घेऊन जा. त्या माणसाला तो अपमान वाटला. एवढ्या गाडीला काहीच झालं नाही कसं? तो गेला आणि दुसरीकडे चेंबर खोलून आला. महिन्याभरानं खरोखरची गळती घेऊन परत आला. यांनी त्याला टोमणासुद्धा मारला नाही. टॉर्च त्याच्या हातात दिली आणि धरून उभं राहायला सांगितलं, दीड तास.

एकदा ओळखीच्या एका लग्नात आम्ही सगळे जेवणाच्या रांगेत असताना मिस्त्री कुठे दिसेनात. शेवटी मंडपाबाहेर नवरदेवाच्या फुलं लावलेल्या गाडीखाली वाकून बघताना सापडले. थेंब आहे, ही गाडी घाटातून पुसदला नेऊ नका, असं त्यांनी नवरदेवाच्या वडिलांना सांगितलं. वडील चिडले. गाडी गेली, वरात घेऊन सुखरूप पोचली आणि परतही आली, काही झालं नाही. त्या वडिलांना ते पुढे दोन महिने भेटेल तिथे विचारायचे, गेजच्या पट्टीवर तेल किती राहिलं होतं? त्या बिचाऱ्यानं पट्टी कधी काढून पाहिलीच नव्हती.

माझी त्यांची ओळख झाली तेव्हा मी फार दमलेली होते. मिस्टरांना पक्षाघात होऊन वर्ष झालं होतं. ते पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. आयुष्यभर साइटवर आवाज चढवून बोललेला माणूस, आणि आता उजवा हात-पाय गेलेला, बोलणं गेलेलं. हो आणि नाही एवढे दोन शब्द यायचे, तेही कधी उलटे. बाकी एकेक शब्द ओठांपर्यंत यायला मिनिटभर लागायचा आणि मध्येच तुटायचा. सकाळी नऊला एक मावशी त्यांच्यासाठी यायच्या, दोनपर्यंत थांबायच्या. त्यांना पुढे दुसरं घर होतं. दोन ते पाच मिस्टर एकटे. जेवून झोपायचे, जाग आली तर पडून राहायचे, आणि पाचला मी पोचायचे. सगळं त्या पाचवर टांगलेलं होतं. बसच्या भरवशावर ते जमणारं नव्हतं, म्हणून बारा वर्षांची जुनी गाडी मी चालवायला लागले.

आणि ती गाडी तेल गाळायला लागली. घराच्या फरशीवर रोज सकाळी बशीएवढा काळा डाग. सिग्नलला थांबलं की जळकट वास. पहिल्या गॅरेजवाल्यानं वरचं पॅकिंग बदललं. आठ दिवस फरशी कोरडी राहिली, मग पुन्हा डाग. दुसऱ्यानं खालच्या चेंबरचं पॅकिंग बदललं. पुन्हा तेच. तिसऱ्यानं गिअरबॉक्स उतरवून मागचं सील बदललं, पाच दिवस गाडी ठेवून घेतली. पाच दिवस मी बसनं गेले, पाच दिवस संध्याकाळी स्टँडपासून घरापर्यंत धावत आले. दहाव्या दिवशी फरशीवर डाग दिसला तेव्हा मी त्या डागापाशी बसून रडले.

त्यांच्याकडे कोणी पाठवलं, आठवत नाही. मी तिन्ही गॅरेजची कहाणी सांगायला लागले आणि त्यांनी हात वर केला. गाडीला तीन दिवस लागतील म्हणाले. मी म्हटलं, मला तीन दिवस नाहीत. नवरा घरी एकटा असतो.

त्यांनी हातातला आरसा खिशात ठेवला. मग म्हणाले, "तीन मिस्त्र्याहीनं एकेक दिवस वाचवला, म्हणून तुमचे दोन महिने गेले. मी दिवस वाचवत नाही."

मी दोन रजा टाकल्या आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, शेडवर जाऊन बसले. इंजिन धुऊन, पावडर लावून, फिरवून झालं होतं, आणि तेल एका ठिकाणाहून नाही, चार ठिकाणांहून ओलावत होतं. नव्या पॅकिंगमधूनही. ते त्याकडे बराच वेळ बघत बसले होते, म्हणे. मग त्यांनी मला बोलावलं. इंजिन चालू ठेवलं, तेल भरायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर दुधाच्या पिशवीचा एक तुकडा धरला. तुकडा आत ओढला जायला पाहिजे होता. तो फुगला, फुग्यासारखा, आणि फडफडायला लागला.

"पाह्यलं? आतली हवा बाहेर जायले रस्ताच नाही. मंग ते जठी सापडन तठून तेलाले ढकलते. तुम्ही कितीही सील बदला."

आतली हवा बाहेर नेणारी बोटाएवढी नळी आणि तिच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह, दोन्ही काळ्या चिखलानं बुजलेले होते. ते साफ करायला वीस मिनिटं लागली. मागचं सील त्या तिसऱ्या मिस्त्रीनं जरासं तिरकं बसवलंय, तिथे ओल राहील, राहू द्या, असं त्यांनी सांगितलं. निघताना मी आभार मानले तर ते ऐकायला थांबलेच नाहीत. गाडीतून डोकं काढून मी काहीतरी म्हणत होते आणि ते पाठ फिरवून हात धूत होते. निरोप घेणं त्यांना कधी जमलं नाही.

एक गोष्ट मात्र मी निघण्याआधी त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतली होती. समोर लाल दिवा लागला, तेलाच्या किटलीचं चित्र असलेला, की गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, आणि मग विचार करायचा. पुढच्या पंपापर्यंत नेते, घर जवळच आहे, असलं काही नाही.

दीड वर्ष फरशी कोरडी राहिली. ऑइल बदलायचं झालं की मी त्यांच्याकडेच जायचे. ते नेहमीसारखी गाडी वीस किलोमीटर चालवून आणायचे, खाली शिरून बघायचे आणि मगच किल्ली द्यायचे.

त्या उन्हाळ्यातही तसंच झालं. फक्त मी एक पाहिलं होतं, की टॉर्च त्यांनी फार जवळ धरली होती, आणि पट्टीवरची खूण वाचताना ती दोनदा उजेडाकडे नेली. वय झालं, असं वाटलं. मला तेव्हा दुसऱ्या कुणाची काळजी करायला जागाच नव्हती.

त्यानंतर चौथ्या दिवशी नेरहून येताना, अर्ध्या रस्त्यात, तो लाल दिवा लागला. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. खाली उतरून मागे पाहिलं तर डांबरावर लांबपर्यंत काळी ओली रेघ आली होती. धार. सव्वाचार वाजले होते. शेजारच्या काकूंना फोन केला, त्या नात्यातल्या लग्नाला बाभुळगावला गेल्या होत्या. मावशी फोन उचलत नव्हत्या. मग मिस्त्रींना फोन केला, तर पाऊण तासात ते त्यांच्या जुन्या मोपेडवर ऑइलचा डबा बांधून आले. उन्हानं चेहरा काळवंडलेला होता. काही न विचारता खाली शिरले आणि थोड्या वेळानं ऑइलचा फिल्टर हातात घेऊन बाहेर आले.

फिल्टरच्या तोंडाला एक रबरी रिंग असते. जुना फिल्टर काढताना कधी कधी ती रिंग इंजिनालाच चिकटून राहते. ती काढली नाही आणि नवा फिल्टर वर चढवला, तर एकावर एक दोन रिंगा होतात. तीन-चार दिवस धरतात, मग एकदम निसटतात. हे त्यांनीच मला नंतर समजावलं. त्या वेळी त्यांनी फक्त तळहात पुढे केला. त्यावर दोन काळ्या रिंगा होत्या.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी एक रिंग खिशात टाकली असती आणि फिल्टर खराब निघाला म्हणाले असते, तर मी विश्वास ठेवला असता.

"मॅडम, हे गाडीचं नाही. हे माह्यं आहे," ते म्हणाले. "जुनी रिंग मले दिसलीच नाही. डोयाले दिसत नाही नीट. मी कोणाले सांगतलं नाही."

मी घड्याळ बघत होते. त्यांनी एकच रिंग ठेवून फिल्टर पुन्हा लावला, ऑइल भरलं, इंजिन चालू करून खाली पाहिलं. मी निघाले तर ते मागे मोपेडवर येत राहिले. गाडीखालून काही पडतंय का ते बघायला, घरापर्यंत.

दार उघडलं तेव्हा साडेसहा झाले होते. मिस्टर पलंग आणि बाथरूमच्या मधल्या जागेत जमिनीवर पडलेले होते. पाचला कोणी आलं नाही, म्हणून स्वतः उठायला गेले असणार. कपडे ओले झाले होते. डावा हात, जो एकच हात त्यांच्याकडे उरला होता, अंगाखाली दबला होता. ते डोळे उघडे ठेवून दाराकडे बघत होते.

मला त्यांना उचलता येईना. मी हाक मारली की नाही, आठवत नाही, पण फाटकाशी थांबलेले मिस्त्री आत आले. चाळीस वर्षांत ज्या माणसानं तेलकट हातानं दुसऱ्याच्या गाडीच्या दाराला स्पर्श केला नव्हता, तो हात पुसायलाही थांबला नाही. तसेच त्यांनी मिस्टरांच्या पाठीखाली हात घातले आणि त्यांना पलंगावर ठेवलं. बनियनवर दहा बोटांचे काळे ठसे उमटले. मनगट मोडलं होतं. रात्री प्लास्टर घालून आणेपर्यंत ते सोबत होते. दवाखान्याच्या बाकावर मी त्यांना बोलू नये ते बोलले. माझ्या नवऱ्याचा एक हात उरला होता, तोही तुम्ही घेतला, असं म्हटलं. ते ऐकून घेत होते. मग ते आत गेले आणि मिस्टरांच्या पलंगापाशी उभे राहून त्यांनाही सांगितलं, "सायेब, चूक माही आहे. मॅडमची नाही, गाडीची नाही."

दुसऱ्या दिवशी मी रजेवर होते. दोनला मावशी गेल्या आणि फाटक वाजलं. ते होते. स्वच्छ पांढरा शर्ट. म्हणाले, दोन ते पाच सायेबापाशी बसतो.

मी नको म्हटलं. गरज नाही म्हटलं. खरं म्हणजे मला त्यांचं तोंडही बघायचं नव्हतं.

"दोन ते पाच माह्या शेडात गिऱ्हाईक नसते," ते म्हणाले, आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले.

ते खोटं होतं. भर दुपारीच तर नेरकडच्या गाड्या यायच्या. पुढे मी पाहिलं, शेडच्या पत्र्यावर त्यांनी खडूनं लिहिलं होतं, दोन ते पाच बंद. पहिले आठ दिवस ते व्हरांड्यातच बसले, दार उघडं ठेवून, आत न येता. नवव्या दिवशी मी कॉलेजातून आले तर खुर्ची पलंगाशेजारी होती. ती आत कुणी घ्यायला सांगितली, ते दोघांनाच माहीत.

मग ते रोज येत राहिले. रविवारी, सणालाही. गल्लीत चर्चा झाली. शेजारच्या काकूंनी मला आडून विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हटलं, मिस्त्री आहेत. घरात काय दुरुस्त करतात, असं त्यांच्या तोंडावर आलेलं मला दिसलं. पुढचं सांगण्याइतकी ताकद माझ्यात संध्याकाळी उरत नसे.

प्लास्टर निघालं तेव्हा मिस्टरांची बोटं आखडली होती. मिस्त्री शेडमधून जुन्या वस्तू घेऊन यायला लागले. रबरी सीलं, कॉर्कची पॅकिंगं, बोल्ट, वॉशर. एकेक त्यांच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, सायेब, हे कायचं? आणि थांबायचे. मी एकदा लवकर आले होते आणि दारातून पाहत होते. मिस्टरांच्या हातात एक बोल्ट होता. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मिनिट गेलं, दोन गेली. मला ते बघवेना. मी आत येऊन म्हटलं, बोल्ट आहे हो तो, बोल्ट.

मिस्टरांनी तो बोल्ट चादरीवर टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मिस्त्री माझ्यावर कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. "काहून सांगून टाकता, मॅडम? त्याहीले सापडून राह्यला होता," एवढंच म्हणाले.

त्या रात्री मी विचार करत राहिले, की अडीच वर्षांत मी मिस्टरांचं एकही वाक्य पूर्ण होऊ दिलं नव्हतं. पाणी म्हणायच्या आत पाणी दिलं होतं. मला घाई होती, स्वयंपाक होता, पेपर तपासायचे होते. ते सगळं खरंच होतं. पण त्यांना बोलायला रस्ता मी ठेवला नव्हता, हेही खरं होतं.

दिवाळीनंतर मिस्टरांना अकरा शब्द यायला लागले. मी मोजले होते. त्यातले पाच शेडमधले होते, वॉशर, सील, पाना, बोल्ट, तेल. डॉक्टरांना गंमत वाटली. माझं नाव आठवा शब्द होता.

मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, दोन्ही. ते तपासायला जात नव्हते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे शेवटी मीच त्यांना गाडीत घालून नेलं. आधी एक डोळा झाला, मग महिन्यानं दुसरा. मधल्या काळात काळा चष्मा घालून ते पायी यायचे आणि खुर्चीत बसून राहायचे. ऑपरेशन झाल्यावर दिसायला लागलं, पण गाडीखाली शिरायचं त्यांनी जवळजवळ सोडलं. मी विचारलं तर म्हणाले, "आता दिसते, मॅडम. पण मले माह्यावर भरोसा नाही राह्यला." मग म्हणाले, "आणि तेल पुसून पुसून कंटायलो."

तीन वर्षं असं चाललं. शेवटच्या हिवाळ्यात मिस्टरांच्या छातीत कफ झाला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. मी दीर्घ रजा घेतली होती, तेव्हा दोन ते पाच कुणी बसण्याची तशी गरज नव्हती. तरी ते यायचे. मला म्हणायचे, तुम्ही आडव्या व्हा. मी आतल्या खोलीत जाऊन पडायचे आणि बहुतेक वेळा मला लगेच झोप लागायची. आयुष्यातली सगळ्यात गाढ झोप मी त्या दुपारींमध्ये घेतली, हे आज लिहायला संकोच वाटतो.

त्या दिवशी मी उठून चहा ठेवला होता. चार वाजले असतील. दुधाला उकळी येत होती. बाहेरून त्यांचा आवाज आला, नेहमीसारखाच, हळू.

"मॅडम, चहा राहू द्या. इकडे या."

मी गॅस बंद केला आणि गेले. त्यांनी मिस्टरांचा डावा हात दोन्ही हातांत धरलेला होता. मी दुसऱ्या बाजूला बसले. श्वास फार लांब लांब येत होता. मला काहीतरी म्हणायची घाई झाली होती, मी ती आवरली. थोड्या वेळानं पुढचा श्वास आला नाही. ते आणखी पाच मिनिटं तसेच थांबले, खात्री होईपर्यंत, आणि मग तो हात त्यांनी माझ्या हातात दिला.

पुढचं सगळं त्यांनी केलं. मुलाला बंगलोरला फोन, तिरडीचं सामान, लोकांना बसायला सतरंज्या. तेराव्यापर्यंत ते सकाळपासून असायचे आणि कुठेतरी कोपऱ्यात काही ना काही उचलत असायचे.

तेराव्याला संध्याकाळी पाहुणे गेले. मुलगा कोणाला तरी सोडायला स्टँडवर गेला होता. मिस्त्रींनी चपला घातल्या, मोपेड स्टँडवरून काढली, फाटकापर्यंत नेली. मग ती तिथेच टेकवून परत आले आणि पायरीखाली उभे राहिले.

"मॅडम, उद्यापासून दोन वाजता मी काय करू?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, समजुतीचं काही सांगावं. पण मला स्वतःलाच माहीत नव्हतं, की उद्यापासून पाच वाजता मी कशासाठी पोचायचं.

"शेड उघडा," मी म्हटलं. "नेरहून येताना मी थांबत जाईन."

ते बरं म्हणाले आणि गेले.

त्यानंतर सव्वा वर्षानं मुलगी त्यांना पुसदला घेऊन गेली, तोपर्यंत मी रोज थांबले. ते एखाद्या गाडीखालून निघून, हात धुऊन यायचे, किंवा कामच नसलं तर नुसते बसलेले असायचे. दोन लोखंडी स्टुलं होती. समोरून नेरच्या बसगाड्या, कापसाचे ट्रॅक्टर जायचे. बोलण्यासारखं फारसं नसायचं. घर तिथून आठ मिनिटांवर होतं. अंधार पडायला लागला की दोघंही एकदा रस्त्याकडे बघायचो, आणि कोणी उठायचं नाही.